मुलांना धर्मांविषयी बोलू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात शाळांतील गट-प्रकल्पांवर आपण छापलेला लेख मी दोनदा वाचला. धर्माचा विषय प्रकल्पाला दिला की वर्गात भांडणे लागतात, शिवाय राज्यघटनेलाही ते मान्य नाही, म्हणून तो शाळेच्या फाटकाबाहेरच ठेवावा, असे लेखकाचे म्हणणे आहे. मिरजेत २८ वर्षे इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवून मी निवृत्त झालो आहे, आणि या दोन्ही विधानांना माझी तीव्र हरकत आहे.

घटनेचे आधी सांगतो. संपूर्णपणे सरकारी पैशांवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देण्यास २८ वे कलम मनाई करते, आणि अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीवाचून अशा शिक्षणाची सक्ती करता येत नाही. पण एखाद्या धर्माचे शिक्षण देणे आणि धर्मांविषयी माहिती देणे यांत फरक आहे, हे शिक्षणविषयक कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्येच स्पष्ट केले होते आणि २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही धर्मांचा अभ्यास घटनाबाह्य ठरवला नाही. लेखात याचा उल्लेखही नसावा, याचे वाईट वाटले.

आता भांडणांविषयी. ज्या गावात मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या उरुसात पहिल्या गलेफाचा, म्हणजे कबरीवर चढवायच्या चादरीचा, मान चर्मकार समाजाचा असतो, जिथे त्याच दर्ग्याच्या आवारात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे आणि मिशनच्या दवाखान्यामुळे ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत, त्या गावातली मुलेसुद्धा शेजारच्या बाकावरच्या मुलाला त्याच्या सणाबद्दल साधा प्रश्न विचारायला बिचकतात, हे मी वर्षानुवर्षे पाहिले. म्हणून मी धर्माचा विषय प्रकल्पाला दिला, पण पहिल्या वर्षी चूक माझीच झाली. मी मुस्लिम मुलांना ईद दिली आणि जैन मुलांना महावीर जयंती. तक्ते देखणे झाले, पण कोणी कोणाला काही विचारले नाही.

पुढच्या वर्षी नववीला मी पाच-पाच जणांचे मिश्र गट केले आणि एका गटाला ‘उपवास’ हा विषय दिला. नियम एकच होता : वाक्य ‘आमच्या धर्मात’ असे सुरू करायचे नाही, ‘आमच्या घरी’ असे सुरू करायचे. चौदा वर्षांच्या मुलाला आपल्या धर्माचा प्रवक्ता म्हणून उभे केले की त्याची वाचा बसते, कारण त्याला स्वतःलाच सगळे ठाऊक नसते आणि चुकलो तर घरचे काय म्हणतील ही धास्ती असते. आपल्या घरात काय शिजते आणि काय वर्ज्य असते हे मात्र प्रत्येकाला पक्के माहीत असते.

त्या गटात एक मुस्लिम मुलगी होती, जी हजेरीला ‘हजर’ म्हणण्यापलीकडे वर्गात तोंड उघडत नसे. वारकरी घरातल्या मुलाने तिला विचारले, “रोजा असताना तुम्ही थुंकीसुद्धा गिळत नाही ना?” ती खळखळून हसली. म्हणाली, “आमच्या घरी गिळतात. दिवसभर थुंकत बसले तर अभ्यास कधी करू?” मग तिनेच त्याला, एकादशीला साबुदाणा चालतो तर भात का नाही, असे विचारले आणि तो उत्तर आणायला आजीकडे गेला. जैन मुलाची आजी दशलक्षण पर्वात एकदाच जेवते आणि सूर्यास्तानंतर त्यांच्या घरी चूल पेटत नाही, हे तक्त्यावर आले. ख्रिस्ती मुलीने ईस्टरपूर्वीचे चाळीस दिवस मांडले. पाचव्या मुलाने लिहिले, ‘आमच्या घरी कोणीच उपवास करत नाही’, आणि त्यालाही तेवढाच रकाना मिळाला. सादरीकरणाच्या दिवशी ती मुलगी वर्गासमोर दहा मिनिटे बोलली, हातातल्या कागदाकडे न पाहता.

चौथ्या दिवशी एका पालकाने तक्रार केली आणि व्यवस्थापनाने तो तक्ता मधल्या सुट्टीत उतरवायला लावला. मुले एका शब्दाने भांडली नव्हती, आणि त्या पालकांनी तक्ता वाचलाही नव्हता. रंग उखडू नये म्हणून नखाने हळूहळू चिकटपट्टी सोडवणारी ती मुलगी मला अजून दिसते. पुढे वर्षभर ती पुन्हा ‘हजर’वर आली. तक्त्याची गुंडाळी कोणाच्या घरी ठेवायची यावरून मात्र त्या पाच जणांत जोरात जुंपली, कारण ती प्रत्येकालाच हवी होती. त्या प्रकल्पात मी पाहिलेले भांडण एवढेच. आपल्या लेखकाने भीती घातली आहे ती पालकांची आणि व्यवस्थापनांची आहे, तिचे खापर मुलांवर फोडू नये.

आणखी एक तक्रार याच पत्रात करतो. यंदा आपल्याच दैनिकात पहिल्या पानावर ‘गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा’ अशी एका पुढाऱ्याची जाहिरात होती. ख्रिस्ती माणसासाठी तो येशूच्या मृत्यूचा, शोकाचा दिवस असतो. जाहिरात देणाऱ्याला ते कळले नसेल, पण छापण्यापूर्वी ती आपल्या कचेरीत कोणीतरी वाचली असेलच. माझ्या नववीच्या त्या पाचही मुलांना हे माहीत होते.

कळावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, मिरज