अर्थ नको, शेजारी बघ

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझी शब्दांची यादी मिळाली. प्रत्येक इंग्रजी शब्दापुढे तू एकेक मराठी अर्थ लिहिला आहेस आणि घोळ तिथेच आहे. ‘डिनाय’, ‘रिफ्यूज’, ‘रिजेक्ट’, तिन्हींपुढे ‘नाकारणे’! मग फरक दिसणार कुठून? त्यापेक्षा शब्दापुढे काय येतं ते लिही.

‘डिनाय’पुढच्या क्रियापदाला ‘-इंग’ लागतं, ‘रिफ्यूज’पुढे ‘टू’ येतो. ‘ही डिनाइड टेकिंग द मनी’ म्हणजे पैसे घेतल्याचा आरोप त्याने फेटाळला. ‘ही रिफ्यूज्ड टू टेक द मनी’ म्हणजे पुढे केलेले पैसे त्याने घेतलेच नाहीत. एकाच्या अंगावर आळ, दुसरा बाणेदार! नाम आलं की मात्र हद्द पुसट होते: परवानगी ‘डिनाय’ही करतात, ‘रिफ्यूज’ही. ‘रिजेक्ट’ला ‘टू’ चालत नाही. अर्ज, प्रस्ताव, सूचना असं नामच हवं. आमंत्रणाला नम्रपणे नाही म्हणायचं तर ‘डिक्लाइन’.

‘स्टील’ आणि ‘रॉब’ यांत कर्म तपास. ‘स्टील’चं कर्म चोरलेली वस्तू, ‘रॉब’चं कर्म लुटला गेलेला माणूस किंवा बँक. ‘दे स्टोल द बँक’ लिहिलंस तर चोरांनी अख्खी बँकच उचलून नेली.

रचना सारखीच असेल तर शब्दाचा थाट बघायचा. 1066 मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडीतून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं, राज्यकर्त्यांची फ्रेंच इंग्रजीत मिसळली, पुढे विद्वानांनी लॅटिनमधून शब्द आणले. म्हणून ‘विचारणे’साठी ‘आस्क’, ‘क्वेश्चन’, ‘इंटरॉगेट’ असं त्रिकूट सापडतं: मूळ इंग्रजी, फ्रेंच, लॅटिन. ‘आस्क’ रोजचा, माणसाला ‘क्वेश्चन’ केलं की चौकशीचा वास येतो, ‘इंटरॉगेट’ थेट पोलिसी. आईने जेवणाबद्दल ‘इंटरॉगेट’ केलं, हे गमतीतच शोभेल. मूळ इंग्रजी शब्द रोजचा, बाहेरून आलेला औपचारिक, हा सरसकट नियम नाही, पण बऱ्याचदा लागू पडतो.

‘स्लिम’ आणि ‘स्किनी’ दोन्ही म्हणजे बारीक, पण ‘स्लिम’ कौतुकाचा, ‘स्किनी’ बोचरा. इथे व्याकरणाची मदत शून्य.

थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, सध्या बाजूला ठेव; तो शब्द एकत्र आणतो, फरक सांगत नाही. शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी कोश घे, प्रत्येक शब्दाची निदान तीन उदाहरणं वाच आणि लगेच पुढे आलेला शब्द अधोरेखित कर. मग जोडीतला दुसरा शब्द त्याच वाक्यात बसवून बघ. कुठे खटकतं, तो फरक वहीत उतरव.

आणि हो, ‘इकॉनॉमिक’ अर्थव्यवस्थेचा, ‘इकॉनॉमिकल’ काटकसरीचा. तुझ्या वाक्यातलं ‘इकॉनॉमिकल क्रायसिस’ तेवढं आधी खोड.

तुझा,
मित्र