उडत्या तलवारी आणि दिलेला शब्द

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत चिनी साधना-कादंबऱ्यांवरील लेख वाचला. इंग्रजी अनुवादांतून मोबाइलवर वाचल्या जाणाऱ्या या साहित्याची मराठी वृत्तपत्राने दखल घेतली, याचा आनंद आहे. मात्र ‘चिनी पोशाखातले अतिमानव आणि हवेत उडणाऱ्या तलवारी’ असे म्हणून लेखकाने या प्रकाराची जी बोळवण केली आहे, ती पटण्यासारखी नाही. या कथांतील तलवार शत्रूला मारण्याच्या कामी येतेच. पण ती हाती धरणाऱ्याने दिलेला शब्द पाळला की नाही, हे उघड करणे हे तिचे त्याहून महत्त्वाचे काम आहे, आणि ते लक्षात न घेता या कथा वाचल्या तर त्यांत मारामारीशिवाय काही दिसणार नाही, हे उघडच आहे.

‘श्येनश्या’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कथांचा सांगाडा आता बऱ्याच वाचकांना ठाऊक आहे. नायक प्राणशक्ती शुद्ध करतो, पाया रचतो, ओटीपोटात सुवर्णगुटी (साधकाच्या शक्तीचा साठा) घडवतो, आणि प्रत्येक मोठ्या पायरीवर आकाशातून कोसळणाऱ्या विजा झेलत अमरत्वाकडे सरकतो. ही परिभाषा ताओपंथीयांच्या अंतर्गत किमयेतून, म्हणजे स्वतःच्या शरीरालाच भट्टी मानून अमरत्व साधण्याच्या विद्येतून, आलेली आहे, तर तलवारीवर स्वार होऊन उडणाऱ्या साधकांना आधुनिक कादंबरीत खरी लोकप्रियता मिळाली ती १९३२ साली सुरू झालेल्या, सिचुआनच्या पर्वतांतील तलवारबाज साधकांवरच्या एका प्रदीर्घ वृत्तपत्रीय कादंबरीमुळे. पायऱ्यांची ही उतरंड संगणकीय खेळांतून उचललेली आहे, असे लेखात सुचवले आहे. खेळांचा प्रभाव नाकारण्याचे कारण नाही. परंतु साधकाच्या प्रगतीचा आकड्यांत हिशेब मांडण्याची चीनमधील रीत संगणकाहून सुमारे सोळा शतकांनी जुनी आहे.

चौथ्या शतकाच्या आरंभी गे होंग या ताओपंथी विद्वानाने ‘बाओपुझी’ हा ग्रंथ लिहिला. त्यात पृथ्वीवर राहणारा अमर पुरुष होण्यासाठी ३०० आणि स्वर्गीय अमर होण्यासाठी १,२०० सत्कृत्ये करावी लागतात, असे सांगितले आहे. त्यापुढचा नियम अधिक कडक आहे: १,१९९ सत्कृत्ये झाल्यावर एक जरी दुष्कृत्य घडले, तरी आधीचे सारे पुण्य बुडते आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. निष्ठा, मातृपितृभक्ती, सलोखा, विनय, करुणा आणि सचोटी यांचा पाया न घालता नुसत्या गूढ विधींच्या मागे लागणाऱ्याला दीर्घायुष्य लाभत नाही, असे गे होंग बजावतो. (हाच गृहस्थ औषधी गुटिका आणि धातूंच्या भट्ट्या यांवर तितक्याच तन्मयतेने लिहितो, हे मला त्याचे विशेष आकर्षण वाटते.) म्हणजे सद्गुण हा साधनेवर चढवलेला नैतिक मुलामा नव्हता, ती साधनेची पूर्वअट होती.

आता तलवारीकडे वळतो. चिनी परंपरेत सरळ, दुधारी ‘ज्येन’ आणि एकधारी ‘दाओ’ असा भेद आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या हान राजवटीत घोडदळाच्या वापराला सोयीचा असलेला दाओ सैन्यात वरचढ ठरत गेला, आणि रणांगणातून मागे पडलेली ज्येन दरबारी माणसाच्या कमरेला, विद्वानाच्या दालनात आणि ताओपंथी पुरोहिताच्या हातात शिल्लक राहिली. भुतेखेते पळवण्यासाठी पुरोहित वापरतात ती पीच वृक्षाच्या लाकडाची तलवार तर कोणालाही कापू शकत नाही. ताओपंथी दंतकथांतील आठ अमरांपैकी ल्यू दोंगबिन याच्या पाठीवरची तलवार क्लेश, कामवासना आणि लोभ-क्रोध यांना छेदण्यासाठी असते, अशी श्रद्धा आहे. बौद्ध विचारांतून तिथे पोहोचलेली ही शत्रूंची यादी आपल्याकडील वाचकाला परकी वाटू नये. माझ्या मते ज्येनचे नैतिक वजन वाढले ते तिचा लष्करी उपयोग घटला म्हणूनच.

या तलवारींचे वर्णन निव्वळ कल्पनेतून आलेले आहे, असेही मानायचे कारण नाही. १९६५ साली हूबेई प्रांतात च्यांगलिंगजवळच्या एका थडग्यात कांस्याची एक तलवार लाकडी म्यानासह सापडली. जवळजवळ अडीच हजार वर्षांनंतरही ती गंजलेली नव्हती आणि तिची धार शाबूत होती. सुमारे ५६ सेंटिमीटर लांबीच्या या तलवारीवरील आठ अक्षरांवरून ती प्राचीन चीनमधील युए राज्याचा राजा गोउज्येन याच्या वापरातील असल्याचे कळले. ती आज वुहानच्या प्रांतिक संग्रहालयात आहे. युएच्या ज्या प्रदेशातील तलवार घडवणाऱ्यांविषयी दंतकथा रचल्या गेल्या, तिथले कारागीर खरोखरच असे काम करत होते.

पण या साऱ्या परंपरेचे मर्म मला जीझाच्या कथेत सापडते. इसवी सनपूर्व सहाव्या शतकात वू राज्याचा हा राजपुत्र दूत म्हणून निघाला असता वाटेत श्यू राज्याच्या अधिपतीला भेटला. त्याची तलवार अधिपतीच्या मनात भरली, पण मागण्याचे धाडस त्याला झाले नाही. जीझाच्या ते ध्यानात आले. मात्र दूताला तलवारीवाचून परराज्यात जाता येत नसल्याने, परतताना ती देऊन टाकायची, असे त्याने मनाशी ठरवले. परत आला तेव्हा अधिपती मरण पावला होता. जीझाने तलवार सोडली, थडग्याजवळच्या झाडावर टांगली आणि तो निघून गेला. आता ती कोणाला द्यायची, असे सोबत्याने विचारले तेव्हा, मनाने ती आधीच देऊन झाली होती, केवळ तो वारला म्हणून मनाशी प्रतारणा कशी करू, असे उत्तर त्याने दिले. ही कथा सिमा छ्येन या इतिहासकाराने नोंदवली आहे. त्यानेच भटक्या वीरांवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि त्यांचे वागणे नेहमी रीतीला धरून नसले, तरी ते बोललेले खरे करतात, दुसऱ्याच्या संकटात स्वतःच्या जिवाची पर्वा करत नाहीत आणि केलेल्या उपकाराची बढाई मारायला लाजतात, अशी त्यांची बाजू मांडली. त्याच्या आधी होऊन गेलेल्या हान फेई या विचारवंताने मात्र हेच लोक शस्त्रबळावर कायदा मोडतात म्हणून त्यांना राज्याला लागलेली कीड ठरवले होते. शब्दाला जागणे आणि कायदा पाळणे यांतला हा ताण आजही या कथांत जिवंत आहे.

चांगल्या साधना-कथा हा वारसा कसा वापरतात, याचे उदाहरण म्हणून २०१९ सालची ‘द अनटेम्ड’ ही चिनी दूरचित्रवाणी मालिका घेता येईल. (ज्यांनी ती अजून पाहिलेली नाही, त्यांची रहस्यभेदाबद्दल आगाऊ माफी मागतो.) तिचा नायक ऐन तारुण्यात तलवार बाळगणे सोडतो, आणि सगळे त्याला उर्मट व कुमार्गी समजतात. त्याच्या मृत्यूनंतर ती तलवार स्वतःला म्यानात बंद करून घेते. मालकाशिवाय कोणालाही ती उपसता येत नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी ती एका दुसऱ्या माणसाच्या हातून सहज उपसली जाते, आणि तेव्हा कळते की ज्याला सांभाळण्याचे वचन नायकाने पालनकर्त्या कुटुंबाला दिले होते, त्या मानलेल्या भावाला त्याने स्वतःची सुवर्णगुटी गुपचूप देऊन टाकली होती. नायक स्वतःहून एक शब्दही बोललेला नसतो. सांगते ती तलवार. उपकाराची बढाई न मारणे हा सिमा छ्येनने वर्णिलेला गुण इथे कथानकाची कळ बनला आहे. साधकाने आपल्या साधनेची शपथ घेऊन ती मोडली, तर पुढची पायरी चढताना त्याच्या मनातला असुर जागा होतो, ही अनेक कादंबऱ्यांतील योजनाही त्याच जातीची आहे.

बहुसंख्य कादंबऱ्या या कसाला उतरत नाहीत, हे मी मान्य करतो. हजारांवर प्रकरणे रोजच्या रोज पाडणाऱ्या लेखकांच्या हातून पायऱ्या तेवढ्या उरतात आणि पुण्याचा हिशेब गळून पडतो. नायक क्षुल्लक अपमानासाठी एखादे कुळच्या कुळ कापून काढतो, मेलेल्यांच्या अंगठ्या लुटतो, आणि केवळ आपल्या गुरूशी व बहिणीशी प्रेमाने वागतो एवढ्यावर लेखक त्याला सज्जन ठरवून मोकळा होतो. ‘एक दिवसाचा गुरू, जन्माचा पिता’ ही चिनी म्हण अशा ठिकाणी निव्वळ टोळीनिष्ठेच्या पातळीवर उतरते. लेखकाने टीका करायचीच होती, तर ती इथे करायला हवी होती. पण त्यासाठी वाईट कथेने काय गमावले हे ठाऊक असावे लागते, आणि लेखात त्याचा मागमूस नाही.

जीझाची कथा किंवा ‘बाओपुझी’तील निवडक उतारे मूळ चिनीतून थेट मराठीत आले, तर या कादंबऱ्यांच्या तरुण वाचकांना ते नक्की वाचावेसे वाटतील. चिनी भाषा शिकलेले मराठी अभ्यासक आज आपल्याकडे आहेत. त्यांच्यापैकी कोणाकडून असे अनुवाद करवून घेऊन पुरवणीत क्रमशः छापावेत, अशी विनंती करतो.

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक, नाशिक