रेघ दीडशे मीटर जाड असेल, तर हरकत कशावर घ्यायची?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पहिल्या पानावर इंदूर महानगर क्षेत्राच्या वाहतूक आराखड्याची बातमी वाचली. बातमीच्या शेवटी आपल्या वार्ताहराने लिहिले आहे की, नागरिकांच्या उदासीनतेमुळे सूचना फारच थोड्या आल्या. त्या थोड्या सूचनांपैकी एक माझी आहे. ती मी तीन पाने हाताने लिहून, सोबत नकाशा काढून, स्वतः नेऊन दिली आणि तिची पोच मागून घेतली. त्यामुळे 'उदासीन' हा शब्द मला मनापासून लागला आणि तो आपण मागे घ्यावा, असे मला वाटते.

मी तेहतीस वर्षे आरेखकाची नोकरी केली. ट्रेसिंग कापडावर शाईने रेघा ओढण्याच्या दिवसांपासून संगणकावर नकाशे निघू लागले तिथपर्यंतचा सगळा काळ मी टेबलाशी बसून काढला आहे. असे असूनही या आराखड्यावरील हरकती-सूचनांच्या सुनावणीच्या दिवशी भिंतीवर टांगलेल्या फ्लेक्ससमोर मी अर्धा तास उभा राहिलो आणि आमचे घर साधारण कोणत्या बाजूला येते, यापलीकडे मला काही कळले नाही. नकाशावर प्रमाण लिहिलेले नव्हते. इंदूर आणि देवास यांतले अंतर खिशातल्या पट्टीने मोजून मला ते काढावे लागले. पश्चिमेला धार, उत्तरेला उज्जैन आणि पूर्वेकडे देवासच्या पुढचा भाग, असा सुमारे शंभर किलोमीटरचा मुलूख दोन मीटर रुंदीच्या फ्लेक्सवर बसवला होता, म्हणजे प्रमाण 1:50,000 झाले. एका सेंटीमीटरला 500 मीटर. त्यावर प्रस्तावित मार्गांच्या लाल रेघा तीन मिलिमीटर जाडीच्या होत्या, म्हणजे जमिनीवर ती रेघ दीडशे मीटर रुंद झाली. दीडशे मीटरमध्ये एक अख्खी गल्ली, तिच्यातली शाळा आणि गल्लीच्या टोकाचे देऊळ सहज मावते. आमच्या कार्यालयात कोणी असा कागद वर पाठवला असता, तर तो त्याच दिवशी परत आला असता.

माझ्या शेजारी महूकडचा एक शेतकरी उभा होता. हातातली खसऱ्याची, म्हणजे शेतजमिनीच्या नोंदीची, नक्कल माझ्यापुढे धरून त्याने विचारले, "बाबूजी, इसमें हमारा खेत कहाँ पड़ेगा?" मला सांगता आले नाही. नकाशा काढण्यात उभा जन्म घालवलेल्या माणसाला एका शेतकऱ्याचे शेत नकाशावर दाखवता येऊ नये, याचे मला त्या क्षणी फार वाईट वाटले. टेबलावरच्या तरुणाला विचारले, तर तोही नम्रपणे म्हणाला की, एवढे बारीक आमच्याकडे नाही. पटवाऱ्याकडचा (तलाठ्याकडचा) गाव-नकाशा 1:4000 प्रमाणाचा असतो आणि त्यात प्रत्येक बांध दिसतो. त्याच नकाशावर ही लाल रेघ उतरवून दाखवायला किती दिवस लागले असते? तो शेतकरी दुपारी एकच्या सुमारास काहीही न लिहिता निघून गेला. आपल्या बातमीत त्याची गणना उदासीन नागरिकांत झाली असणार. एका दिवसाचे काम बुडवून आणि बसचे भाडे भरून तो माणूस तिथे आला होता.

आता माझ्या सूचनेविषयी. आमच्या घरापासून दहा मिनिटांवर एक छोटे रेल्वे स्थानक आहे. इंदूरहून महूकडे जाणाऱ्या गाड्या तिथे थांबतात. आमच्या वस्तीत घरकामाला येणाऱ्या बायका, कारखान्यात जाणारी मुले, महाविद्यालयातले विद्यार्थी असे कितीतरी लोक या गाड्यांनी येतात-जातात. सिटी बसचा थांबा मात्र स्थानकापासून 500 मीटर दूर, मोठा रस्ता ओलांडून पलीकडे आहे. मधल्या वाटेवर पदपथ नाही, दिवे एका बाजूलाच आहेत आणि पावसाळ्यात नाल्याच्या कडेने चिखलातून जावे लागते. गेल्या वर्षी माझ्या पत्नीच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. तिच्याबरोबर ते अंतर मी एकदा घड्याळ लावून चाललो, तेव्हा सव्वीस मिनिटे लागली आणि दोनदा आम्हाला रस्त्याच्या कडेला उभे राहून तिला विसावा द्यावा लागला. थांबा स्थानकाच्या दाराशी आणावा, गाडीच्या वेळेला जुळेल अशी बस सोडावी आणि मधल्या वाटेला सलग पदपथ करावा, एवढेच मी लिहिले होते. भिंतीवरच्या त्या नकाशात आमची सव्वीस मिनिटे एका सेंटीमीटरची होती आणि तो सेंटीमीटर कोरा होता.

टेबलापलीकडच्या अधिकाऱ्यांनी माझा कागद पूर्ण वाचला, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. वाचून ते म्हणाले, "स्थानक रेल्वेचे, रस्ता दुसऱ्या खात्याचा, बस तिसऱ्यांची. हा विषय आमच्याकडे येत नाही." मग तो कोणाकडे येतो? केंद्र सरकारच्या 2017 च्या मेट्रो रेल्वे धोरणात शहरासाठी सर्वंकष वाहतूक आराखडा आणि सर्व साधनांचा एकत्र विचार करणारे एकीकृत महानगर परिवहन प्राधिकरण, या दोन्ही गोष्टी आवश्यक मानल्या आहेत, त्या नेमक्या अशाच कोपऱ्यांसाठी. गाडीतून उतरलेला माणूस बसपर्यंत कसा पोहोचतो, हे ज्या आराखड्यात येत नाही, तो निरनिराळ्या खात्यांच्या कामांची यादी होतो, त्याला वाहतुकीचा आराखडा म्हणता येत नाही.

तिथे भरून घेत असलेल्या अर्जात 'आपण प्रवास कशाने करता' असा प्रश्न होता आणि पर्याय होते मोटार, दुचाकी, बस, रिक्षा आणि मेट्रो. मी खाली 'पायी' असे लिहिले. तेव्हा तो रकाना यंत्रात भरता येणार नाही, म्हणून दुसरा कोणताही पर्याय निवडा, असे मला सांगण्यात आले. मी निवडला नाही. स्टेशनवर, थांब्यावर, रिक्षापर्यंत माणूस पायीच जातो, आणि ज्याच्याकडे भाड्याचे पैसे नाहीत, तो तर शेवटपर्यंत पायीच जातो. पुढच्या पंचवीस वर्षांचे आकडे या अर्जांवरून काढणार असतील, तर त्या आकड्यांत ही माणसे कधीच दिसणार नाहीत, हे मला फार गंभीर वाटते.

या शहराने लोकांना न विचारता केलेल्या कामांची किंमत पुरेपूर मोजली आहे. आग्रा-मुंबई रस्त्यावर निरंजनपूरपासून राजीव गांधी चौराह्यापर्यंत सुमारे साडेअकरा किलोमीटरचा बीआरटीएस, म्हणजे फक्त बससाठी राखून ठेवलेला मार्ग, बांधला, 2013 मध्ये त्यावर आय-बस धावू लागली आणि 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर तो काढून टाकण्याचे काम सुरू झाले. तो चांगला होता की वाईट, या वादात मी पडत नाही. पत्नीला डॉक्टरांकडे न्यायला मी त्या बसने गीता भवनापर्यंत वर्षानुवर्षे गेलो आहे. मार्ग बांधताना आमच्यासारख्या प्रवाशांना कोणी विचारले नाही आणि काढतानाही विचारले नाही. मेट्रोचेही तसेच. 2019 मध्ये भूमिपूजन झाले, 31 मे 2025 रोजी गांधीनगरकडून सुपर कॉरिडॉरवरच्या सुमारे सहा किलोमीटरच्या टप्प्यावर गाडी धावू लागली, आणि शहराच्या गर्दीच्या भागातून ती वरून न्यावी की जमिनीखालून, हा वाद मात्र काम सुरू झाल्यानंतर कित्येक वर्षे चालत राहिला. राजवाड्याच्या आसपासच्या दुकानदारांना आणि रहिवाशांना पहिली रेघ ओढण्यापूर्वीच बोलावले असते, तर हा वाद कागदावरच मिटला असता. कागदावरची रेघ रबराने खोडता येते. आता उज्जैनच्या 2028 च्या सिंहस्थाची घाई सांगितली जात आहे. सिंहस्थासाठी रस्ते व्हावेत, पण दोन महिन्यांच्या मेळ्याच्या घाईत पंचवीस वर्षांचा निर्णय उरकू नये.

आपल्या शहराला लोकांना सोबत घेण्याची ही रीत ठाऊक नव्हती, असेही नाही. होळकर दरबाराने शहररचनेसाठी स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना बोलावले होते आणि त्यांचा दोन खंडांचा अहवाल 1918 मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या वस्तीतल्या गल्ल्या त्यांनी स्वतः चालून पाहिल्या आणि सरसकट पाडापाडी न करता, कुठे एक पडकी भिंत काढून, कुठे थोडी जागा मोकळी करून भागते का, हे आधी तपासले. तो प्लेगचा काळ होता. सणाच्या मिरवणुकीचा ठरलेला रस्ता बाजूला ठेवून, ज्या वाटेवर लोक सर्वांत जास्त घरे झाडून-सारवून दुरुस्त करतील, त्या वाटेने मिरवणूक जाईल, असे त्यांनी जाहीर केले आणि गावभर साफसफाई सुरू झाली. प्लेगच्या उंदराची मोठी प्रतिमाही त्या मिरवणुकीत होती. मला यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. लोकांनी श्रम केले आणि त्याचे उत्तर त्यांना मिळाले, मिरवणूक खरोखर त्यांच्या दारावरून गेली. मला मात्र माझ्या तीन पानांचे उत्तर म्हणून तीन आठवड्यांनी फोनवर 'आपका सुझाव दर्ज कर लिया गया है' एवढा संदेश आला. सूचना मान्य झाली की अमान्य, अमान्य असेल तर का, याचा त्यात एक शब्द नाही.

येथे आपल्याही वृत्तपत्राविषयी एक तक्रार नोंदवतो, ती रागाने नव्हे तर चाळीस वर्षांच्या वाचकाच्या हक्काने. सुनावणीची सूचना आपण आतल्या पानावर छापली आणि तिच्यात 'आराखड्यावर आपत्ती मागवल्या आहेत' असे वाक्य होते. हिंदीतली 'आपत्ति' म्हणजे आपली हरकत. मराठीत आपत्ती म्हणजे पूर, दुष्काळ, भूकंप. आमच्या शेजारच्या आजींनी ती सूचना आपत्कालीन मदतीची समजून बाजूला ठेवली आणि त्यांच्या घरासमोरूनच एक लाल रेघ जाते, हे त्यांना तारीख उलटल्यावर माझ्याकडून कळले. मध्य प्रदेशाच्या नगर व ग्राम निवेशाच्या, म्हणजे नगररचनेच्या, 1973 च्या कायद्यात विकास आराखड्यावर हरकती घेण्यासाठी तीस दिवसांची मुदत दिलेली आहे. आराखडा कोणताही असो, ज्या वाचकाचे हे दिवस एका चुकीच्या शब्दामुळे वाया गेले, त्याचे नुकसान खरोखरीचे असते. 'हरकती व सूचना' हे शब्द मराठीत पूर्वीपासून आहेत, कृपया तेच वापरावेत.

माझे म्हणणे एवढेच आहे. प्रत्येक प्रभागाला आणि प्रत्येक गावाला त्याच्यापुरता नकाशा 1:4000 प्रमाणावर, देवनागरी नावांसह, प्रमाण आणि उत्तर दिशा लिहून, प्रभागाच्या कार्यालयात आणि पंचायतीत लावावा. तो रविवारीही पाहता यावा, म्हणजे कामावर जाणाऱ्यांना रजा काढावी लागणार नाही. अर्जात 'पायी' हा रकाना असावा. आणि आलेल्या प्रत्येक सूचनेला, ती फेटाळली असली तरी, कारणासह लेखी उत्तर द्यावे आणि ती उत्तरे आराखड्याला जोडून छापावीत. राज्यघटनेच्या 74 व्या दुरुस्तीने महानगर नियोजन समितीत किमान दोन तृतीयांश सदस्य नगरसंस्थांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून आणि पंचायतींच्या अध्यक्षांतून असावेत असे ठरवले आहे. निवडून आलेल्या त्या सदस्यांनीच ही उत्तरे मागितली पाहिजेत. माझा पोचपावती क्रमांक मी जपून ठेवला आहे आणि कोणी उत्तर देणार असेल, तर कार्यालयात पुन्हा जाण्याची माझी तयारी आहे.

मागे एकदा आपण माझे पत्र छापताना जागेअभावी शेवटचा परिच्छेद गाळला होता. या वेळी कापायचेच असेल, तर माझ्या नोकरीचा किंवा गुडघ्यांचा मजकूर कापावा, वरच्या मागण्या तेवढ्या राहू द्याव्यात, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त आरेखक, इंदूर