कॉम्प्टन फुटबॉलर होता, हे पण छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात रणजीच्या जुन्या फायनल्सवर काही आलं की १९४५ची ब्रेबोर्नवरची मुंबई विरुद्ध होळकर (इंदूरची टीम) मॅच असतेच, आणि असायलाच हवी, दोन्ही टीम मिळून २०७८ रन्स, आपल्या विजय मर्चंटचे २७८, होळकरांना ८६७चं टार्गेट आणि त्यात डेनिस कॉम्प्टन नाबाद २४९. आपण जिंकलो ३७४ रन्सनी. पण कॉम्प्टनबद्दल दरवेळी एकच ओळ, इंग्लंडचा बॅट्समन, युद्धात महूच्या लष्करी छावणीत होता म्हणून होळकरांकडून खेळला. बस.

अहो तो लंडनच्या आर्सेनल क्लबचा प्रोफेशनल फुटबॉलर होता, लेफ्ट विंगला, म्हणजे डाव्या कडेने पळत खेळायचा!

माझे आजोबा ती मॅच बघायला लोकलने चर्चगेटला गेलेले. स्पिनरला खेळायला कॉम्प्टन क्रीज सोडून कसा पुढे यायचा ते खुर्चीतून उठून, धोतर सावरत, छोटी छोटी पावलं टाकून दाखवायचे आणि म्हणायचे, "हे पाय क्रिकेटवाल्याचे नाहीत रे." तेव्हा मला काही कळलं नव्हतं, नंतर वाचलं तेव्हा कळलं.

सप्टेंबर १९३९ला युद्ध सुरू झालं तेव्हा तो २१ वर्षांचा. इंग्लंडच्या फुटबॉल लीगच्या जेमतेम तीन मॅच झाल्या आणि सीझनच बंद. लीग परत सुरू झाली ऑगस्ट १९४६मध्ये, तोवर हा २८चा. विंगरचा सगळा खेळ पळण्यावर, त्याची पळायची वर्षं तिथेच गेली. युद्धाच्या काळात तो फुटबॉलमध्ये इंग्लंडकडून १२ मॅच खेळला पण त्या ऑफिशियल नाहीत, म्हणजे रेकॉर्डमध्ये त्याच्या नावावर इंग्लंडची कॅप (देशाकडून ऑफिशियल मॅच) शून्य. मला हे फार लागतं. क्रिकेटचं नुकसान झालंच, पण तिथे एकूण ७८ टेस्ट तरी नावावर लागल्या, १९४७मध्ये एका सीझनमध्ये ३८१६ रन्स आणि १८ सेंच्युऱ्या मारल्या. आणि १९४७-४८ला आर्सेनल लीग जिंकली तेव्हा हा टीममध्ये होता, १९५०ची एफए कप फायनल पण खेळला, लिव्हरपूलला २-० हरवलं, सोबत सख्खा भाऊ लेस्ली. लेस्लीचीही तीच वर्षं युद्धात गेलेली, पण त्याला त्याच वर्षी वयाच्या ३८व्या वर्षी इंग्लंडकडून पहिली कॅप मिळाली. डेनिसला नाहीच.

आणि गुडघा! १९३८ला फुटबॉल खेळतानाच गोलकीपरशी धडक झाली, ते दुखणं आयुष्यभर पुरलं, १९५५मध्ये गुडघ्याची वाटीच काढावी लागली. त्यानंतरही १९५६ला ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध ९४ मारले, वाटी नसलेल्या पायावर उभं राहून.

पुढच्या वेळी त्या २४९बद्दल छापाल तेव्हा नावापुढे एवढं लिहा, लेफ्ट विंगर, आर्सेनल.

आपला जुना वाचक,
दादर, मुंबई