हिचेन्सबद्दल, तुझ्या पत्राला उत्तर

प्रिय मन्या,

क्रिस्टोफर हिचेन्स, तो धर्मावर तुटून पडणारा ब्रिटिश-अमेरिकन पत्रकार, म्हणजे नुसता तोंडाळ माणूस, वाद जिंकण्यापलीकडे मागे काय ठेवलं त्याने, असं तू लिहिलंयस. निम्मं पटलं बाबा. त्याच्या जाहीर वादांच्या त्या क्लिप्स मीपण रात्र रात्र जागून बघितल्यात, समोरचा बिचारा धर्मगुरू शब्द शोधतोय आणि हा आरामात एकेक वाक्य फेकतोय, जाम मजा यायची, खोटं कशाला बोलू. फक्त त्यातून मी शिकलो काय, तर समोरच्याला गप्प कसं करायचं, आणि तो प्रयोग घरात केल्यावर आई माझ्याशी दोन दिवस बोलली नव्हती.

त्याचं 'गॉड इज नॉट ग्रेट' (२००७) परत चाळलं. आता तेवढं भारी नाही वाटलं. जगातले सगळे धर्म एकाच काठीने झोडलेत, आणि घरात कुणी गेलं की माणसं देवाकडे का वळतात याची त्याला फारशी पडलेलीच नाही. त्यापेक्षा मदर तेरेसांवरचं १९९५ चं पुस्तक मला आवडतं, कारण तिथे प्रश्न रोकडे आहेत, देणगीचा पैसा जातो कुठे, आजाऱ्याला औषध काय मिळतं.

पण मला तो सोडवत नाही तो वेगळ्याच गोष्टीसाठी. वॉटरबोर्डिंग हा छळ आहे की नाही यावर अमेरिकेत काथ्याकूट चालला होता ना, तेव्हा २००८ मध्ये हा म्हणाला माझ्यावरच करा. वय ५९, सिगरेटी ओढून छातीची वाट लागलेली. फळीवर बांधला, डोकं खाली, तोंडावर कापड, वरून पाणी. हातात धातूचा तुकडा, तो टाकला की थांबायचं. काही सेकंदांतच टाकला! मग स्वतःचीच लाज वाटली म्हणून परत एकदा करायला लावलं, आणि सरळ लिहून टाकलं, हा छळच आहे.

इराकच्या बाबतीत मात्र असं स्वतःला तपासून बघणं जमलं नाही त्याला. २००३ च्या युद्धाची बाजू घेतली ती शेवटपर्यंत सोडली नाही. २००७ मध्ये कळलं की मोसुलमध्ये मारला गेलेला २३ वर्षांचा एक अमेरिकन अधिकारी ह्याचे लेख वाचूनही भरतीकडे ओढला गेला होता. हा त्याच्या घरच्यांना भेटला, अस्थी विसर्जनाला समुद्रावर गेला, तिथे शेक्सपिअर वाचला, त्यावर लेखही लिहिला. सुंदर लिहिलाय रे, तोच तर माझा राग आहे. इतका हललेला माणूस, तरी युद्ध चुकलं हे वाक्य काही त्याच्या पेनातून उतरत नाही. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर ह्याने त्याला सोलून काढला असता.

आणि एक, तुला बहुतेक माहीत नसेल. २०१० मध्ये अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला तेव्हा उपचारात मदत करणाऱ्यांत फ्रान्सिस कॉलिन्स होता, मोठा जनुकशास्त्रज्ञ, पक्का ख्रिश्चन, देवाच्या मुद्द्यावर ह्याचा समोरचा माणूस. घट्ट दोस्ती झाली दोघांची, २०११ च्या डिसेंबरात हा जाईपर्यंत. क्लिपमध्ये हे कुठे दिसणार?

तो सैनिकावरचा लेख शोधून वाच, मग भांडू. आणि माझं पुस्तक तुझ्याकडेच आहे, समासात पेन्सिलीने 'वा!' लिहिलंय ते कॉलेजातलं, हसू नकोस.

तुझा,
अव्या