शेपटी बघायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

पक्ष्यांना दाणे ठेवायच्या फीडरवरच्या होल्यावर झडप घालणाऱ्या पक्ष्याचा फोटो मी पाठवला, तेव्हा नाव सांगून तुम्ही मोकळे होऊ शकला असता. तुम्ही उलट मलाच विचारलंत, "शेपटीचं टोक कसं आहे?" त्या एका प्रश्नासाठी हे जाहीर आभार.

आपल्या न्यू जर्सीत अंगणात येणारे कूपर्स हॉक आणि शार्प-शिन्ड हॉक हे दोन शिकारी पक्षी किती सारखे! निळसर राखाडी पाठ, छातीवर तांबूस पट्टे, लांब पट्टेदार शेपटी. आकारावरून ठरवावं, तर दोन्हींत मादी नरापेक्षा बरीच मोठी, आणि शार्प-शिन्डची मादी कूपर्सच्या नराच्या जवळपास पोचते. फांदीवर एकटा बसलेला पक्षी मापणार तरी कशाशी? म्हणून तुम्ही आकार बाजूला ठेवायला लावलात. कूपर्सची शेपटी टोकाला गोलसर, पांढरी किनार रुंद. शार्प-शिन्डची बहुधा सरळ कापलेली. कूपर्सच्या मोठ्या डोक्यावर गडद टोपी आणि मान फिकी. दुसऱ्याचं डोकं लहान आणि गडद रंग मानेवर उतरलेला. त्याचे पाय पेन्सिलीसारखे बारीक. पहिल्या वर्षाच्या तपकिरी पक्ष्यांत छातीच्या रेघा बघायच्या: कूपर्सच्या बारीक, रेखीव आणि पोटाकडे विरळ, शार्प-शिन्डच्या जाड, पसरट, पार पोटापर्यंत.

२०२४मध्ये शास्त्रीय वर्गीकरणात कूपर्सला ॲक्सिपिटर या गटातून (जीनसमधून) काढून ॲस्टुर या गटात नेलं, हे तुमच्याकडूनच कळलं. इतकं साम्य असून नातं तेवढं जवळचं नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

होला गेला म्हणून आई फार हळहळली होती. तुम्ही तिला शांतपणे समजावलंत, की शिकाऱ्यालाही पोट आहे. डीडीटी या कीटकनाशकामुळे कूपर्सच्या अंड्यांची कवचं पातळ होऊन संख्या घटली होती, १९७२च्या बंदीनंतर ती सावरली, हेही सांगितलंत. फीडर थोडे दिवस उतरवून ठेवा, तो दुसरीकडे जाईल, हा सल्लाही लागू पडला.

आणि शेपटी नीट दिसली नाही, तेव्हा ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर अंदाजाने नाव टाकू न देता 'शार्प-शिन्ड किंवा कूपर्स' अशीच नोंद करायला लावलीत. तुमचा हा काटेकोरपणा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो.

ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीच्या दक्षिण टोकाच्या केप मेवरून शार्प-शिन्ड मोठ्या संख्येने दक्षिणेकडे जातात. यंदा गाडी मी चालवते, आई डबा करणार आहे. तुम्ही फक्त दुर्बीण घेऊन या.

तुमची कृतज्ञ,
शेजारीण