रामेश्वरचं आता ठरवूनच टाकू

तीर्थरूप आई-बाबांना सा. नमस्कार.

फोनवर बाबा "बघू" म्हणतात आणि आई गप्प होते, म्हणून सविस्तर लिहितेय. काशी झाली, रामेश्वर राहिलं, हे आई दर महाशिवरात्रीला म्हणते आणि गंगेचा गडू पुसून परत देवघरात ठेवते. मी मदुराईत आहे तोवर हे होऊन जाऊ दे. इथून रामेश्वर साधारण 170 किलोमीटर.

बाबांना काळजी गुडघ्यांची, आणि ती खरी आहे. म्हणून आधीच सांगते, 22 तीर्थांची स्नानं आपण करायची नाहीत. पूर्व गोपुरासमोरचा समुद्र म्हणजे अग्नितीर्थ. तिथे बुडी मारून लोक ओलेत्याने देवळात शिरतात. आत एकेका विहिरीवर माणूस उभा असतो, बादलीने पाणी शेंदतो आणि भसकन डोक्यावर ओततो. मागून रेटा, खाली ओली दगडी फरशी. धडधाकट माणसं घसरतात तिथे! शिवाय ओल्या कपड्यांनी गाभाऱ्याकडे जाता येत नाही, ते बदलायची वेगळी धांदल. अग्नितीर्थावर पाय भिजवा, डोळ्यांना पाणी लावा, पुरे.

आई, "मग यात्रा अर्धवटच" म्हणू नकोस. मारुतीला कैलासाहून लिंग आणायला उशीर झाला, तेव्हा मुहूर्त टळू नये म्हणून सीतामाईने वाळूचंच केलं आणि रामाने ते पुजलं. देवाने एवढं चालवून घेतलं, आपलं नाही घेणार? मारुती रुसू नये म्हणून त्याच्या विश्वलिंगाची पूजा आजही आधी होते. गडू मात्र नक्की आण, गंगाभिषेकाची व्यवस्था देवळातच आहे. आणि भाषेची धास्ती नको, गाभाऱ्यातले पुजारी परंपरेने महाराष्ट्रीय घराण्यांतलेच.

बाहेरचा प्रदक्षिणामार्ग बघून तुम्ही दोघं थक्क व्हाल. दोन्ही बाजूंनी खांबच खांब, हजाराच्या वर, आणि दुसरं टोक पार बारीक दिसतं. तेवढं चालायचा हट्ट नको, चाकाची खुर्ची घेऊ. (बाबा, नाक मुरडू नका.) मोबाईल आत नेता येत नाही, त्यामुळे फोटोंचा प्रश्नच मिटला.

बाबांसाठी खरं आकर्षण पांबनचा पूल, म्हणजे रामेश्वर बेटाला जोडणारा समुद्रावरचा रेल्वेपूल. 1914 चा जुना पूल आता बंद आहे, शेजारी नवा झालाय. एप्रिल 2025 मध्ये सुरू झाला. जहाज आलं की मधला भाग सरळ वर उचलला जातो. चेन्नईहून रात्री निघून उजाडता उजाडता पूल ओलांडेल अशी गाडी बघते, खिडकी तुमची.

दुपारी विश्रांती, मग गाडीने धनुष्कोडी. डिसेंबर 1964 च्या वादळात गाव गेलं, प्रवाशांनी भरलेली रेल्वेगाडीही गेली. पडकं चर्च अजून उभं आहे. कोदंडराम मंदिर तेवढं वाचलं. बिभीषणाचा राज्याभिषेक तिथे झाला असं मानतात.

परतताना दम असेल तर तंजावर. राजराज चोळाच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी 1803 मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतलाय. बाबा तिथून लवकर हलणार नाहीत, म्हणून तो दिवस मोकळाच ठेवते.

जानेवारीत या, ऊन सोसवतं. डॉक्टरांना विचारून तारखा कळवा, त्याशिवाय मी तिकिटं काढणार नाही. आणि आई, लाडू इतके करू नकोस, इथे खाणारी मी एकटीच.

तुमची,
ताई